पावसाळी शेड, उन्हाळी मिरच्या

मी आर्किटेक्ट आहे म्हटलं की लोक आधी विचारतात, "कुठले टॉवर केलेत?" मी एकही टॉवर केलेला नाही. मी शेड करते. मागच्या अंगणातली शेड, गाडीची शेड, माळ्याची खोली, कुत्र्याचं घर, एकदा तर पोपटांचंसुद्धा. बोरिवलीत खाडीच्या बाजूला आमची रो-हाउसची कॉलनी आहे. मी तिथेच राहते आणि तिथे मला सगळे 'शेडवाली मॅडम' म्हणतात. टॉवरवाल्या मित्रांकडे फ्लॅट साठले, माझ्याकडे किस्से. पण कुठेही जमलो की तेच टॉवरवाले खुर्ची पुढे ओढून म्हणतात, "शेडचं सांग ना यार."

कारण काय आहे, टॉवर बांधताना माणूस वकील लावतो, सल्लागार लावतो. शेडसाठी तो स्वतःचं डोकं लावतो. तिथेच सगळी मजा सुरू होते.

नियम एका दमात सांगून टाकते. घराभोवती मोकळी जागा सोडायची असते, तिला मार्जिन म्हणतात. ती आकाशाला उघडी राहिली पाहिजे. वर छप्पर आलं की ते बांधकाम, बांधकामाला परवानगी हवी, आणि मार्जिनमध्ये ती मिळत नाही. झालं. हा नियम समजायला दोन मिनिटं पुरतात. पटायला मात्र आमच्या कॉलनीत अर्धं वर्ष गेलं.

माझ्याबरोबर नाईक असतात. कुठला कागद वॉर्ड ऑफिसात कुठल्या टेबलावर द्यायचा, हे त्यांचं काम. मूळचे कुडाळचे, बोलणं एकदम सरळ. गिऱ्हाइकाने "होईल ना काम?" विचारलं की "नाय होणार" म्हणतात आणि चहा पितात. गिऱ्हाईक चहा पाजूनच घाबरतं.

*

तर त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सोसायटीला नवे सेक्रेटरी मिळाले, कारखानीस. बँकेतून रिटायर झालेले, अंगात भरपूर ताकद, आणि घरात बायको काही हलवू देत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवरून सगळ्यांची मागची अंगणं बघितली आणि वॉर्डात तक्रार दिली की कॉलनीत मागच्या मार्जिनमध्ये सर्रास छपरं आहेत. होतीच. सगळ्यांना एकाच सकाळी नोटिसा आल्या: छप्पर स्वखर्चाने काढून टाकावे.

मी भांडायला गेले. म्हटलं, "काका, इतकी वर्षं कुणाचं काय बिघडलं होतं?" ते शांतपणे म्हणाले, "नियम बिघडला होता." आणि मला त्यांचं मागचं अंगण दाखवलं. एक खुर्ची होती, बाकी काही नाही. पावसात ती खुर्चीसुद्धा भिजते. अशा माणसाशी काय भांडणार? त्याच्या हातून काही चुकलेलंच नसतं.

बाकीच्यांच्या शेडमध्ये अडगळ होती, त्यांचं मला काही वाटलं नाही. पण एक नोटीस उषाकाकूंच्या दारावर लागली आणि मी हातातलं काम टाकून तिकडे धावले.

उषाकाकू सावंत म्हणजे आमच्या कॉलनीचा उन्हाळा. मार्च संपला की त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल पेटते, मिरच्या, धणे, खसखस, दगडफूल भाजलं जातं आणि अख्खी गल्ली शिंकते. गोरेगावपासून दहिसरपर्यंत लोक त्यांच्याकडून वर्षाचा मालवणी मसाला करून नेतात. आधी त्यांची सासू करायची, मग त्या करायला लागल्या. काका गेले त्याही वर्षी चूल थांबली नाही.

त्यांचा मुलगा प्रशांत भांडुपला टॉवरमध्ये राहतो. पोरगा चांगला आहे, आईने आपल्याकडे यावं म्हणून कधीचा मागे लागलाय. काकूंनी त्याला शब्द देऊन ठेवला होता, "चूल पेटता हा तवसर मी हयसर. चूल बंद पडली की येतंय तुझ्याकडे." आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी काकू उन्हात चक्कर येऊन पडल्या होत्या. डॉक्टरने बजावलं होतं की सावलीशिवाय बसायचं नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. शेड गेली की सावली गेली, सावली गेली की चूल गेली, आणि चूल गेली की काकू भांडुपला, लिफ्टने वर.

मला म्हणाल्या, "गो, त्या वरच्या माळ्यावर बसान मी काय ढग मोजू?"

*

नोटिशीनंतर कॉलनीतला प्रत्येक जण वकील झाला. पहिला नंबर दळव्यांचा.

दळव्यांना कुणीतरी सांगितलं की देवघराला कोण हात लावत नाही. त्यांनी रातोरात शेडमधली सायकल, कूलर, जुने टीव्ही बाहेर काढले आणि घरातले सगळे देव शेडमध्ये नेऊन बसवले. हार घातले, समई लावली, घंटा टांगली. काकू माझ्या खिडकीशी आल्या. "मी पण हलवू काय गो देव?"

"थांबा, आधी साहेबांना येऊ दे."

साहेब म्हणजे वॉर्डातले इंजिनियर. शांत माणूस. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. ते आले. शेडच्या बाहेर चपला काढल्या. आत जाऊन हात जोडले, घंटा वाजवली, दळवीवहिनींनी दिलेला प्रसाद खाल्ला, अगदी मनापासून. दळव्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. साहेब बाहेर आले, चपला घातल्या आणि बॅगेतून कागद काढला.

दळवी म्हणाले, "अहो, नोटीस तर आधीच दिलीय तुम्ही."

"ती शेडची होती. ही मंदिराची."

वर दळव्यांच्या आईला त्याच संध्याकाळी कळलं की शेडच्या बरोबर खाली गटाराची टाकी आहे. देव जेवणाच्या आधी घरात परत आले. दळव्यांना मात्र त्या दिवशी जेवण मिळालं की नाही, ते मी विचारलं नाही.

*

दुसरे देसाई. हे इंटरनेट वाचणारे. त्यांनी वाचलं की जमिनीला न जोडलेली, हलवता येणारी वस्तू म्हणजे बांधकाम नव्हे. मला फोन करून म्हणाले, "मॅडम, तुमची गरज नाही. आपण झकास सोल्युशन काढलंय."

सोल्युशन असं की त्यांनी शेड कापून खाली लोखंडी चौकट घातली आणि चौकटीला चार चाकं लावली.

साहेब आले, सगळीकडून फिरून बघितलं आणि म्हणाले, "हलवून दाखवा."

आता आतमध्ये जुना फ्रीज होता, दोन लोखंडी ट्रंका होत्या, देसाईंच्या वडिलांचं शिसवी कपाट होतं. देसाईंनी जोर लावला. काही नाही. मग दोन्ही मुलगे आले. मग नाईकही बाह्या सरसावून गेले, मी नको म्हणत असताना. शेड हलली. हलली ती थांबेचना. आमच्या सगळ्या अंगणांना खाडीकडे उतार आहे, हे इंटरनेटवर नव्हतं. शेड डुलत डुलत गेली, तुळशीवृंदावन जेमतेम चुकवलं आणि कंपाउंडच्या भिंतीला जाऊन टेकली. आत शिसवी कपाट आडवं झाल्याचा आवाज आला. देसाईवहिनी पायरीवर बसल्या.

साहेबांनी वहीत लिहायला घेतलं. "हलते. मान्य. खाली चार चाकं, वर छप्पर, आत माल. म्हणजे ही गाडी झाली. आता फेरीवाल्याचा परवाना आणा."

काकूंनी हे सगळं कुंपणावरून बघितलं आणि त्यांनी मागवून ठेवलेली चाकं परत पाठवली.

*

तिसरे गुप्ते. गुप्त्यांचं म्हणणं असं की लोकांना छप्पर दिसतं म्हणून तक्रार होते. दिसलंच नाही तर? त्यांनी शेड उंचीला कमी करायची ठरवली, पण गुप्ते स्वतः सहा फुटी. मग वरून कमी करण्याऐवजी त्यांनी खालून वाढवली. म्हणजे खणलं.

मी सांगितलं होतं, गुप्ते, ही खाडीची जमीन आहे. म्हणाले, "मॅडम, तुम्ही निगेटिव्ह फार बोलता."

सकाळी खणलं, दुपारी लादी बसवली. संध्याकाळी लाद्यांच्या फटींतून पाणी वर यायला लागलं. खारं पाणी. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत. गुप्त्यांनी पंप लावला, पंप थकला, खाडी थकली नाही. साहेब पाहणीला आले तेव्हा गुप्त्यांची पुस्तकांची खोकी वरच्या फळीवर होती आणि खाली गुप्ते पँट दुमडून उभे होते.

साहेबांनी वाकून आत बघितलं. "गुप्तेसाहेब, जलतरण तलावाची परवानगी वेगळी असते."

कॉलनी आठवडाभर हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांच्यासाठी अजून एक रस्ता बंद झाला होता. एरवी त्या डिसेंबरात मिरचीवाल्याला फोन करतात. त्या वर्षी केला नव्हता.

*

मग नाईकांनी अक्कल चालवली. परवानगी मिळते अशी एकच शेड आहे, पावसाळी शेड. घर गळतं म्हणून लोक तात्पुरतं छप्पर घालतात, त्याला पावसाळ्यापुरती मुभा मिळते. नाईक म्हणाले, "मॅडम, अर्ज टाकूया. एकदा उभी रवली की तारीख कोण बघता?"

अर्ज टाकला. आणि काय सांगू, परवानगी आली. नाईक तो कागद झेंड्यासारखा धरून गल्लीत शिरले. काकूंनी देवापुढे नारळ फोडला, गावाहून आलेलं गोड खाजं सगळ्यांना वाटलं, मिरचीवाल्याला फोनसुद्धा लावला. प्रशांतला कळवलं, "शेड झाली रे! आता गप ऱ्हव." मी पण दोन घास जास्त जेवले.

संध्याकाळी कारखानीस आले. खाजं घेतलं, चांगलं झालंय म्हणाले आणि कागद वाचायला मागितला. चष्मा लावून सावकाश वाचला. मग बोट ठेवून काकूंना दाखवलं. पावसाळा सुरू होताना उभी करायची आणि संपला की काढायची.

काकू म्हणाल्या, "पावसात मिरच्यो कोण भाजता?"

कुणीच भाजत नाही. मसाला पावसाआधी करून बरणीत जावा लागतो, हे मुंबईतलं प्रत्येक कोकणी घर जाणतं. तारीख कोण बघतो, याचं उत्तर नाईकांना मिळालं होतं. ते तोंडातलं खाजं चावेनात.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात जाऊन उन्हाळी शेड मागितली. टेबलावरच्या बाईंनी खरंच आपुलकीने सगळी यादी चाळली. "मॅडम, पावसाळी आहे. उन्हाळी नाही हो. ऊन लागतं म्हणून कुणी मागायलाच आलं नाही अजून."

*

जानेवारीत काकूंनी शेड स्वतःहून उतरवली. माणसं लावून पत्रे एकावर एक रचले आणि भंगारवाल्याला दिले. नियमाशी भांडायचा त्यांचा स्वभाव नाही. प्रशांत त्या दिवशी आला होता. आईसाठी खोली रंगवून घ्यायची म्हणून मोबाइलवर रंग दाखवत होता. काकू "बरो आसा, बरो आसा" म्हणत होत्या आणि मागच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मला इतकं रडू आलं की मी चहाचे कप विसळायला आत गेले. काकूंच्या घरात, काकूंचेच कप.

बाहेर आले ती रागानेच. राग आला की माझं डोकं चालतं. म्हटलं, "नाईक, छप्पर चालत नाही ना? मग छप्पर नकोच. पर्गोला करू. म्हणजे नुसत्या पट्ट्या, मध्ये मोकळं, खाली उभं राहिलं की आकाश दिसलं पाहिजे. ते चालतं."

नाईक म्हणाले, "म्हणजे माटव."

आता माटव म्हणजे कोकणात घरापुढे घालतात तो मांडव. दिवाळीनंतर उभा करायचा, पावसाआधी सोडायचा. खिळा नाही, सिमेंट नाही, सगळं दोरीने बांधायचं. काकूंच्या माहेरी, सासरी सगळीकडे असायचा. काकू खुर्चीतून उठल्या. "माटवाक खयची परवानगी?"

"पण काकू, वर झावळ्या घातल्यात की ते छप्पर झालं."

"झावळे नाय घालणंय."

"मग सावली कसली?"

काकूंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे मागच्या वर्षीचा एक दुधी बियांसाठी वाळत टांगला होता.

रविवारी भांडुपहून प्रशांतचे मित्र आले, नाईकांचे दोन भाचे आले. बांबू जमिनीत पुरायचे नाहीत, हे मी बजावून ठेवलं होतं. मग तेलाचे मोठे डबे आणले, त्यात माती भरली, मातीत बांबू उभे केले आणि त्याच मातीत दुधी लावला. वर काथ्याने आडवे बांबू बांधले. मी खाली उभी राहून वर बघितलं. आकाशच आकाश. नाईक म्हणाले, "पास."

*

पुढचे दोन महिने कॉलनीने क्रिकेट बघितलं नाही, दुधी बघितला. काकू रोज पानांखाली बघायच्या, कीड दिसली की राख टाकायच्या. दळवीवहिनी ताकाचं पाणी आणून घालायच्या. गुप्ते पंप घेऊन आले. त्यांना हळूच परत पाठवलं. प्रशांत आधी थट्टेने फोन करायचा, "आई, सावली कुठवर आली?" मार्चपर्यंत तोच रोज सकाळी विचारायला लागला, थट्टा न करता.

काकूंच्या मागे भिंतीला लागूनच कारखानिसांचं अंगण. ते त्यांच्या एकुलत्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. पान पानाला भिडलं, मांडवाखाली गारवा आला, काकूंनी चूल मांडली, बेडगी आणि लवंगी मिरच्या उन्हात पसरल्या. आणि कारखानिसांनी तक्रार टाकली. उषा सावंत यांनी मागील मार्जिनमध्ये नव्याने छप्पर उभारले आहे.

*

साहेब आले त्या सकाळी काकू मिरच्याच भाजत होत्या. मी सांगितलं होतं, आज चूल नका पेटवू. म्हणाल्या, "लपवूक काय, चोरी केलंय?" प्रशांत सुट्टी काढून आला होता. तोंडावरून शांत होता, पण पाय सारखा हलत होता. अर्धी कॉलनी कुंपणाला होती, सगळे नाकाला रुमाल लावून. कारखानीस भिंतीपलीकडे उभे.

साहेब मांडवाखाली आले, शिंकले. टेप काढली, शिंकले. एक डबा हलवून बघितला, हलला. दोरीची गाठ ओढून बघितली. खिळा शोधला, मिळाला नाही. मग त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. पानांतून ऊन येत होतं, आकाशाचे तुकडे दिसत होते आणि डोक्याला लागतील असे दुधी लोंबत होते. काकू झाऱ्याने मिरच्या हलवत राहिल्या.

"आजी, हे पावसाआधी काढणार?"

"माझ्या सासूनं कधी मिरगापर्यंत ठेवल्यान नाय."

कारखानीस भिंतीवरून म्हणाले, "साहेब, सावली पडते आहे खाली. सावली पडते म्हणजे वर छप्पर आहे."

साहेबांनी डोळे पुसले. मिरचीमुळे पुसले. "कारखानीससाहेब, सावली झाडाचीपण पडते." आणि वहीत लिहीत मोठ्याने वाचलं, "जागेवर दुधीचा वेल. बांधकाम आढळले नाही."

आधी नाईक ओरडले, मग दळवी, मग सगळी गल्ली. देसाईंच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. मी साहेबांसमोरच नाईकांना मिठी मारली आणि नाईक लाजून लाल झाले. प्रशांत आईजवळ गेला. त्याला रडू येत होतं की मिरचीचा ठसका लागला होता, कोण सांगणार. म्हणाला, "मग मी निघू, आई?"

"जातलस खय? बस. धणे निवडूचे आसत."

तो बसला. साहेब एका हाताने नाक धरून फाटकाकडे निघाले. कारखानीस मात्र हलले नव्हते. भिंतीपलीकडे तसेच उभे होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचं वाईट वाटलं.

काकूंनी चुलीवरची कढई खाली उतरवली. पदराला हात पुसले, कोयती घेतली आणि स्टुलावर चढल्या. डोक्यावरचा सगळ्यात मोठा दुधी त्यांनी देठापासून कापला, दोन्ही हातांत धरून भिंतीपाशी नेला आणि पलीकडे कारखानिसांच्या हातात दिला. मालवणी बाजूला ठेवून अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या,

"घ्या भावोजी, छप्पर. स्वखर्चाने काढून टाकलं."